वहीफणी बाहेर आली नाही

मी ज्या शाळेत क्लार्क आहे, तिथल्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. वर्गात मुलांकडून जे जप्त होतं ते सगळं त्यात येऊन पडतं. पत्ते, लिपस्टिका, इअरफोन, एकदा तर डब्यात घातलेलं कासव आलं होतं. पालक येतात, बाईंची बोलणी खातात आणि आपापलं घेऊन जातात. जे कुणीच नेत नाही ते माझ्या गळ्यात पडतं. तो शिकारी असाच माझ्या गळ्यात पडला.

जपानी चित्रकथेचं पुस्तक होतं, मांगा म्हणतात ते, इंग्रजीत केलेलं. डबा खाताना चाळायला घेतलं तर गोष्टीचा शेंडाबुडखा लागेना. माणूस आधी मरतो आणि मग तलवार उपसतो. दहावीतली एक मुलगी दाखल्यासाठी उभी होती, तिला हसू आवरेना. ‘मिस, ते उजवीकडून वाचायचं असतं.’ चाळिशी ओलांडलेल्या बाईला पुस्तक कुठून उघडायचं ते पोरीने शिकवावं! दाखला उद्या मिळेल म्हणून मी तिला वाटेला लावलं आणि ती गेल्यावर पुस्तक फिरवून घेतलं.

त्या गोष्टीत एक तटबंदीचं शहर आहे. तटाबाहेर दलदल, आणि दलदलीत राक्षस. शहराने एक शिकारी पाळला आहे. उंच, जरा पोक काढून चालणारा, एका डोळ्यात बुबुळ नसलेला. राक्षस दिसला की शहर त्याला धाडतं, तो जातो, मारतो, परत येतो. बोलत नाही. पानंच्या पानं काळ्या शाईने भरलेली, आणि त्यात त्याचं मिटलेलं तोंड. राक्षस पडला की तो त्याचं एक शिंग कापून पिशवीत घालतो. मर्दुमकी मिरवायला नेत असणार, असं शहराला वाटतं. काम झालं की लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावतात.

पहिला भाग वाचून मिटला तेव्हा माझ्या मनात एकच आलं. हा तर आमचा अण्णा!

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो तेव्हा माग मोडायचा. हेच त्याचं काम.

हे नीट सांगायला हवं. आमचं घर वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत. पुढच्या मोठ्या खोलीत पॉवरलूम, मागच्या दोन खोल्यांत आम्ही माणसं. मी लहान असताना गल्लीत खडखडाट एवढा असायचा की बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून सगळी गल्ली हाताने बोलायची. मागावर असलेल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर पोटावर हात ठेवायचा. पाहुणे आले तर डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करायचं, मग पाहुणा पुरुष का असेना. तार तुटली असेल तर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर पिळून दाखवायचं. आप्पा आणि अण्णा समोरासमोरच्या मागांवर उभे असायचे आणि दिवसभर त्यांच्या हातांच्या गप्पा चालायच्या. मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. मधूनच दोघं हसायचे आणि मी चिडायची, कारण मला वाटायचं माझ्यावरच हसतात. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

अण्णाच्या हाताला मशीन लवकर समजलं. विणायचं सोडून तो फिटर झाला. कुणाचा धोटा उडतो, कुणाचा माग मध्येच अडतो, अण्णाला बोलावणं यायचं. गल्लीतल्या बायका त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मग हळूहळू साड्या पडून राहू लागल्या, घ्यायला कुणी येईना. सुरतेच्या साडीपुढे आमची साडी टिकेना. एकेका घरातला आवाज बंद पडत गेला. बंद मागाला फिटर कशाला लागतो?

पण बंद मागाला भंगारवाला लागतो. निपाणीच्या बाजूने गाडी यायची. सोबत गॅस कटर आणि घण घेतलेली माणसं. ती घरात शिरायची आणि माग उभा कापायची. लादी फुटायची, भिंतीचा गिलावा पडायचा, घरातली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून बाहेर बसायची. एकदा गाडीवाल्यानेच अण्णाला विचारलं, तू सोडवून देतोस का, नटबोल्ट काढून? अण्णा हो म्हणाला.

पहिला माग त्याने आमच्याच गल्लीत सोडवला. आमच्यापासून दोन घरं टाकून. त्या घरचा माणूस आप्पांचा जिवाभावाचा, दोघांनी एकाच दिवशी माग घातलेले. संध्याकाळी अण्णा घरी आला, रॉकेलने हात धुतले आणि जेवायला बसला. आप्पांनी आपलं ताट उचललं आणि मागच्या खोलीत गेले. जाताना मला म्हणाले, ‘त्याला सांग. हे हात धुवायला दुसरं घर बघ म्हणावं.’

अण्णा समोर बसलेला असताना मला सांगितलं. तिथून ते बोलणं बंद झालं.

अण्णा पिरनवाडीत एका खोलीत राहायला गेला. लग्न झालं नव्हतं. मागवाल्यांकडे मुली द्यायला लोक कचरत होते ते दिवस, आणि नंतर तर तो माग मोडणारा झाला. माझं लग्न होऊन मोडलं होतं, ती गोष्ट वेगळी आणि इथे सांगण्याच्या लायकीची नाही. आई आधीच गेली होती. म्हणजे वडगावच्या घरात मी आणि आप्पा, पिरनवाडीत अण्णा, आणि दोन्हीकडे जाणारी मी. ज्या घरात दोन पुरुष अबोला धरतात तिथल्या बाईचं पोस्टमन होतं. मला ते पोस्टमनपण मनापासून नकोसं झालं होतं.

गल्लीही अण्णाशी तुटकच वागायची. तो गल्लीत शिरला की बायका दार लोटून घ्यायच्या. ‘आला बघ,’ एवढंच कुणीतरी म्हणायचं. तरी माग विकायचा झाला की त्यालाच बोलवा असा निरोप भंगारवाल्याला जायचाच. त्याच्या हाताखाली लादी फुटत नव्हती ना.

आणि ज्या घरचा माग गेला, त्या घरचा माणूस संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. आप्पांजवळ. आप्पा त्याला तंबाखू द्यायचे. मी आतून ऐकायची. तो माणूस अण्णाला शिव्या घालायचा, आप्पांसमोर, त्यांच्याच पोराला. आप्पा ऐकून घ्यायचे. ‘माझा तो कुणी न्हाय,’ म्हणायचे. मी आत भांडी आपटायची. मला आप्पांचा त्या वेळी एवढा राग यायचा की पुढच्या भाकरीला मी मुद्दाम मीठ कमी घालायची, आणि ते निमूट खायचे.

दर रविवारी मी स्कूटरवरून पिरनवाडीला जायची. सकाळी आप्पा अंगणात येऊन स्कूटरच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघायचे. कुठे निघालीस, असं मात्र कधीच विचारलं नाही.

शिकाऱ्याचं पुस्तक मी अण्णाकडे नेलं ते चिडवायला. ‘बघ, जपानमध्ये तुझं चित्र छापलंय.’ अण्णाने पुस्तक हातात घेतलं. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण चित्र वाचायला त्याला इंग्रजी लागत नव्हतं. खडखडाटात वाढलेला माणूस, तोंडं आणि हात बघून समजून घ्यायची सवय. मी शब्द मराठीत करून सांगायची आणि तो पानाकडे बघत राहायचा. पुढचे भाग मी पदरमोड करून मागवू लागले. या वयात बायका व्रतं करतात, मी राक्षस वाचत होते. शाळेतली शिपाईण मला म्हणायची, ‘मॅडम, तुमास्नी सपनं न्हाय पडत व्हय वं?’

दुसऱ्याच भागात अण्णा म्हणाला, ‘ह्यो शहराचा न्हाय.’

‘कशावरून?’

‘मारताना त्याचे डोळे बघ. राक्षसाच्या तोंडाकडं बघतोय. शहरातल्या शिपायांची चित्रं बघ, ती सगळी तलवारीकडं बघालीत.’

मी म्हटलं, ‘मग मारतोय कशाला?’

अण्णाने त्या पानावर बोट टेकवलं. ‘त्यानं न्हाय मारलं तर शहर जाळून मारील की. तो एका घावात मारतोय.’

सहाव्या भागात ते खरं निघालं. शिकाऱ्याला तान्हेपणी एका राक्षसिणीने दूध पाजून वाढवलेलं असतं. पिशवीतली शिंगं घेऊन तो दलदलीच्या मधोमध एका कोरड्या उंचवट्यावर जातो आणि एकेक शिंग मातीत रोवतो. चित्रात सगळीकडे शिंगंच शिंगं. ती म्हातारी राक्षसीण लांब पाण्यात बसून बघते. तिला माहीत असतं की हाच मारतो. त्यालाही माहीत असतं की तिला माहीत आहे. शब्द एकही नाही.

मी वर बघितलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी चहा टाकायला उठले तर म्हणाला, ‘चहा राहू दे. वर ये.’

वर म्हणजे माळा. शिडी चढून, वाकून जायचं. भर दुपार होती आणि कौलात एक काच बसवलेली होती, तिच्यातून ऊन येत होतं. आढ्याच्या लाकडाला ओळीने वहीफण्या टांगलेल्या होत्या.

मागाबद्दल काही माहिती नसलेल्यांसाठी सांगते. मागावर उभे धागे असतात, ताणा. त्यातली प्रत्येक तार आधी वहीतल्या, म्हणजे तारा वरखाली करणाऱ्या चौकटीतल्या, एका डोळ्यातून आणि मग कंगव्यासारख्या फणीतल्या एका फटीतून ओवावी लागते. हजारो तारा. डोळे फुटायची वेळ येते. म्हणून विणकर एकदा ओवलेलं कधी रिकामं करत नाही. ताणा संपला की साडी कापून घेतो, पण वहीफणीत हातभर धागे तसेच ठेवतो, गाठ मारून. नवा ताणा आला की त्याची एकेक तार या जुन्या टोकांना पिळून सांधायची आणि ओढून घ्यायची. टोकं शिल्लक आहेत तोवर माग बंद पडला असं कुणी म्हणत नाही. काम नसलं तरी, वर्ष गेलं तरी, टोकं कापायची नाहीत. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, बघूनच कळतं.

माळ्यावर ती टोकं लोंबत होती. हिरवी, जांभळी, मोतिया रंगाची. एकेका घराची शेवटची साडी कुठल्या रंगाची होती ते तिथे कळत होतं. पहिली होती ती दोन घरं टाकून राहणाऱ्या आप्पांच्या मित्राची, आनंदी म्हणतात त्या रंगाची. मी ओळखली, कारण तसली साडी मी नेसलेली होती.

‘भंगारात वहीफणीला काय किंमत न्हाय,’ अण्णा म्हणाला. ‘ती लोक तिथंच फेकून दिली असती. म्हणून चादरीत गुंडाळून आणतो.’

मला रडू आलं आणि लगेच रागही आला. ‘आप्पांना सांगते. आजच सांगते. एवढी वर्षं म्हातारा तुझ्याशी बोलला नाही आणि तू हे वर टांगून बसलायस?’

‘न्हाय सांगायचं.’

‘का?’

‘गल्लीत कळंल. मग येतील लोक, आमची टोकं हाईत म्हणं, माग परत जोडून दे. काय जोडू? लोखंड तर भट्टीत गेलं. आता कोण बांधकामावर जालंय, कोण गाडी चालवालंय. लागलीत एकदाची कामाला. त्यांचा जीव परत त्या खोलीत अडकवू नको गं.’

‘आणि आप्पा?’

‘आप्पास्नी राग धरायला कुणीतरी पायजे की.’

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याला आप्पांचा एक शब्द हवा होता, बाकी काही नको होतं, हे मला ठाऊक होतं. दर रविवारी डबा उघडायच्या आधी तो विचारायचा, ‘आप्पा काय म्हणालेत?’ मी काहीतरी सांगायची. आप्पा म्हणतात पाऊस लांबला, आप्पा म्हणतात गुडघा दुखतो. त्यातलं कुठलंच आप्पांनी त्याच्यासाठी सांगितलेलं नसायचं. तरी तो ते नीट ऐकून घ्यायचा.

मी वचन दिलं आणि पाळलं. पाळताना माझा जळफळाट झाला तो झाला.

पुढे काही वर्षांनी आप्पांचा दम वाढला. सुताचा कोंडा आयुष्यभर छातीत गेलेला. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. आप्पांनी न सांगता ओळखलं. घरी आल्यावर ते पुढच्या खोलीत गेले. आमचा एक माग पूर्वीच विकला होता, एक उभा होता. त्यावर काम नव्हतं, तरी दर खंडेनवमीला आप्पा तो पुसायचे, तेल घालायचे, झेंडूची माळ घालायचे. वहीफणीत टोकं तशीच, शेवटच्या साडीची, डाळिंबी. आप्पा मागाला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘त्याला बोलीव.’

‘कुणाला?’ मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘माग सोडवतोय त्याला. माझ्या मागनं गाडीवालं येतील कटर घिऊन. त्याच्या आधी त्यो सोडवू दे.’

मी फोन केला. अण्णा ‘येतो’ एवढंच म्हणाला.

तो आला तो अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून. कामाला येताना कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? हातात पान्यांची पिशवी. गल्ली दारादारांत उभी होती. त्याने मान वर केली नाही. कट्ट्यावर बसलेल्या एकाने त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘बापाचाबी सोडत न्हाय बघ.’ अण्णा आत आला. आप्पांनी मला खूण केली, दार लाव. मी दार लावलं, कडी घातली.

अण्णाने खाली वाकून मागाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि कामाला लागला. पाना, बोल्ट, पाना, बोल्ट. आप्पा खुर्चीवर बसून बघत होते. माग हळूहळू कमी होत गेला. प्रत्येक भाग अण्णा खाली ठेवायचा तो आवाज न करता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या हातातलं फडकं मी पिळून पिळून कोरडं केलं होतं.

शेवटी वहीफणी राहिली. अण्णाने पिशवीतून चादर काढली. घरून धुऊन आणलेली, घडी केलेली चादर. ती लादीवर पसरली आणि वहीफणी दोन्ही हातांवर घेतली. तेव्हा आप्पांनी हात पुढे केला.

अण्णा थांबला. काय हवंय ते त्याला कळेना. आप्पांनी दोन बोटं उघडली-मिटली. कात्री. मागावर उभं राहून मागायचे तशी. किती वर्षांनी आप्पांनी त्याच्याकडे हाताने काहीतरी मागितलं होतं. अण्णाने खिळ्याला लावलेली कात्री काढून दिली.

आप्पांनी डाळिंबी धाग्यांची गाठ कापली. मग मूठभर टोकं धरली आणि ओढली. धागे वहीच्या डोळ्यांतून सुळकन निघून आले. दुसरी मूठ, तिसरी. अण्णा एकदम पुढे झाला, त्याने आप्पांचं मनगट धरलं. ‘आप्पा, नको.’ माझ्याही तोंडून किंकाळी निघणार होती. विणकर स्वतःच्या हाताने वहीफणी रिकामी करतो, हे मी कधी बघितलं नव्हतं.

‘सोड,’ आप्पा म्हणाले. त्याला म्हणाले, माझ्यामार्फत नाही. ‘ही टांगायची न्हाय. लई घरांची टांगून ठेवलास.’

अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

‘तिनं काय सांगायला न्हाय,’ आप्पा म्हणाले. दम लागला, थांबले. ‘पयल्या दिवशी, माझ्या दोस्ताच्या घरातनं सामान बाहेर येताना मी कट्ट्यावर बसलोतो. फ्रेम आली, बीम आलं, धोटं आलं. वहीफणी बाहेर आली न्हाय. नंतर तू बाहेर आलास, काखंत चादर. वहीफणी आढ्यालाच टांगत्यात, ते मला कळंना व्हय?’

पहिल्याच दिवशी. म्हणजे ताट उचलून मागच्या खोलीत गेले तेव्हा त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं ‘माझा तो कुणी न्हाय’ म्हणताना माहीत होतं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. ‘मग बोलला का नाहीत?’ मी ओरडले. ‘तो तिकडे एका शब्दासाठी झुरत होता. आप्पा, तुम्हाला जीव आहे का नाही?’

आप्पा माझ्याकडे न बघता अण्णाकडे बघून बोलले. ‘त्या सांजंला त्यो माझ्यापाशी येऊन बसला. त्याचा माग गेलता. तुला शिव्या घालत रडला. मी तुझ्यासंगं बोललो असतो तर त्यो कुठं जाऊन बसला असता? मागनं एकेक घर आलं. सगळी इथंच बसली. त्यास्नी तेवढा एकच कट्टा हुता रं.’

अण्णा खाली लादीवर बसला. आप्पांनी रिकामी वहीफणी बाजूला ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘आता पुरं. वरची उतरव. तू बी कामाला लाग कुठंतरी,’ ते म्हणाले. अण्णा रडला का ते मी सांगणार नाही. मी मात्र रडले, आणि चिडून रडले. या दोघांनी मला मध्ये ठेवून एकमेकांना सांभाळलं होतं आणि गल्लीला सांभाळलं होतं, आणि त्यात आयुष्याची वर्षं वाहून गेली होती. ती मी कुणाकडे मागू?

नंतर दोघं बराच वेळ बसले. बोलणं झालं ते हाताने. खोलीत आवाज कसलाच नव्हता, माग तर लादीवर सुटा पडला होता, तरी ते हातानेच बोलत होते. मध्ये एकदा हसले. या खेपेला मला राग आला नाही.

दार उघडून अण्णा बाहेर पडला तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मला खुणेने म्हणाले, दार जोरात लाव. मी लावलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

पुढच्या रविवारी मला अण्णाला काही रचून सांगायची गरज उरली नाही. आप्पा आठवडाभर साठवून मला निरोप सांगायचे, आणि या वेळी ते खरोखरचे निरोप असायचे. शर्टाचं बटण लाव म्हणावं. खोकल्याचं औषध मी घेतोय म्हणावं. मी ते एकही न विसरता पोचवायची. मला पोस्टमन होण्याचा तेवढ्यापुरता आनंद झाला. पण ते रविवार फार थोडे आले.

आप्पा सकाळी गेले, चहाची वाट बघताना. मी कप घेऊन आले तर मान कलली होती.

सगळी गल्ली जमली. ज्यांचे माग गेले ते सगळे आले, बांधकामावरचे, गाड्या चालवणारे, सगळ्यांनी त्या दिवशी काम बुडवलं. अण्णा आला तेव्हा लोकांनी वाट दिली, पण अंग चोरून दिली. पाणी पाजताना, तिरडी बांधताना, कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. आणि मग दोन घरं टाकून राहणारा तो म्हातारा, ज्याचा माग पहिला गेला होता, आप्पांच्या पायांशी बसून मोठ्याने म्हणाला, ‘लई खंबीर माणूस. शेवटपातूर बोलला न्हाय पोराशी. आमच्यासाठनं बोलला न्हाय.’ आणि हुंदके देऊन रडू लागला.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. बोलले होते, डोक्यावर हात ठेवून बोलले होते, तुमच्या आनंदी रंगाची टोकं पिरनवाडीच्या माळ्यावर आहेत, असं ओरडून सांगणार होते. मी तोंड उघडलं. समोर अण्णा आप्पांच्या डोक्याशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको.

मी गप्प बसले. ती गल्ली आता पांगली, तो म्हाताराही गेला, म्हणून इथे लिहिते, आणि नावं घातली नाहीत ती तरीही अण्णासाठी. त्या दिवशी मात्र त्या म्हाताऱ्याला रडू आवरत नव्हतं. अण्णा त्याच्याजवळ गेला, वाकला, त्याला धरून उठवू लागला. म्हाताऱ्याने त्याचा हात झटकला. अण्णा तसाच दोन पावलं मागे सरकला, आणि म्हातारा रडायचा थांबेपर्यंत तिथेच खाली मान घालून उभा राहिला.